किल्ला की घोडा?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आकाशवाणीवर घड्याळाविषयी बोलायचे म्हणजे एका जुन्या ऋणाची फेड आहे. आमच्या लहानपणी बीडमधली निम्मी घड्याळे आकाशवाणीवर चालत. बातम्यांच्या आधी ते बारीक पिप् पिप् आवाज सुरू झाले, की अब्बा मनगट डोळ्यांपुढे धरून उभे राहत. शेवटचा आवाज झाला, की मिनिटकाटा जागेवर आणत आणि मग चावी देत. अब्बा एसटीत कंडक्टर होते. त्यांच्या मनगटावर एच.एम.टी.चे 'जनता' घड्याळ असे. ते दोन मिनिटे पुढे गेले, तर धावत येणारी एखादी म्हातारी स्टँडवरच राहायची. म्हणून त्यांना त्याची एवढी काळजी.

गेल्या वर्षी माझ्या एका बालमित्राचा पुण्याहून फोन आला. आम्ही बीडला एकाच बाकावर शिकलो. तो इंजिनिअर झाला, मी बी.ए. होऊन कविता लिहू लागलो. म्हणजे दोघांपैकी एकाचे बरे झाले. दोघांनाही जुन्या घड्याळांचा नाद. फरक एवढाच, की त्याचा संग्रह बँकेच्या लॉकरमध्ये असतो आणि माझा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. तो म्हणाला, "शायर, पन्नाशी उलटली. आयुष्यात एकच भारी घड्याळ घ्यायचं ठरवलंय. दोन समोर आहेत, दोन्ही दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. एक पाटेक फिलिपचं कॅलाट्राव्हा आणि दुसरं रिव्हर्सो. पैसे एकाचेच आहेत. कुठलं घेऊ?"

मी म्हणालो, "अरे, मी दोन्ही फक्त चित्रात पाहिलीत."

"म्हणूनच तुला विचारतोय. ज्याला घ्यायचं नसतं, त्याचं मत स्वच्छ असतं."

मित्राला उत्तर द्यायचे म्हणून मी या दोन घड्याळांच्या मागे लागलो. त्या शोधात जे हाती आले, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी ही घड्याळे कुठल्या जातीची ते सांगायला हवे. आपल्या घरात एक शालू असतो, एक शेरवानी असते. रोज वापरायची नसते. तिला आपण ठेवणीतली म्हणतो. घड्याळांतही अशी ठेवणीतली जात आहे. इंग्रज त्याला ड्रेस वॉच म्हणतो. अंगाने पातळ, तबकडी साधी, दोन किंवा तीन काटे, चामड्याचा पट्टा. शर्टाच्या कफाखाली अलगद सरकावे आणि हात पुढे केला तरच दिसावे. महाग असूनही मिरवायचे नाही, ही त्याची रीत. पहिल्या महायुद्धापर्यंत मनगटावर घड्याळ बांधणे हा बायकांचा शौक समजला जाई. पुरुषांचे घड्याळ खिशात, साखळीला. खंदकात लढणाऱ्या सैनिकाला एका हातात बंदूक धरून खिशातून घड्याळ काढणे परवडेना. म्हणून ते मनगटावर आले आणि शांततेच्या काळात तिथेच राहिले. या मनगटी घड्याळाला पुढच्या पंधरा-वीस वर्षांत जो डौल आला, त्याची दोन टोके म्हणजे माझ्या मित्रासमोरची ही दोन घड्याळे.

त्यातले पहिले, रिव्हर्सो, आपल्या मातीशी नाते सांगते. त्याची सुरुवात घोड्यावरून होते.

पोलो हा खेळ जगाला भारताने दिला, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. इराणातून आलेला चौगान आपल्याकडे सुलतानांच्या काळापासून खेळला जात होता. दिल्लीचा सुलतान कुतुबुद्दीन ऐबक १२१० साली लाहोरला चौगान खेळतानाच घोड्यावरून पडून मेला. मणिपूरचा तसाच खेळ इंग्रज चहामळेवाल्यांनी आणि लष्करी अधिकाऱ्यांनी पाहिला, १८५९ साली सिल्चरला त्याचा क्लब काढला आणि पुढे घोडदळाच्या छावण्यांमधून तो देशभर पसरला. अशी एक छावणी आमच्या जिल्ह्यातही होती. आजचे अंबाजोगाई निजामाच्या राज्यात मोमिनाबाद होते. मुकुंदराजांच्या आणि दासोपंतांच्या त्या गावात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हैदराबाद कंटिंजंटच्या घोडेस्वारांचा तळ होता. घोडा, स्वार आणि घड्याळ यांची सांगड तर आपल्याकडे अशी घट्ट, की १८८० च्या दशकात मुंबईत सुरू झालेल्या वेस्ट एंड वॉच कंपनीने स्वित्झर्लंडहून आणलेल्या आपल्या दणकट घड्याळाला नावच दिले 'सोवार'.

तर १९३०-३१ च्या हिवाळ्यात सेझार द त्रे नावाचा एक स्विस व्यापारी भारतात आला. हा गृहस्थ आधी दातांच्या धंद्यात होता. कवळ्या आणि दंतवैद्यांचे सामान विकून त्याने पैसा केला आणि मग घड्याळांकडे वळला. इथे तो पोलोचा सामना पाहायला गेला. खेळ संपल्यावर एका इंग्रज अधिकाऱ्याने त्याला आपले घड्याळ दाखवले. काठीचा फटका बसून काच फुटली होती. 'हा खेळ झेलेल असे घड्याळ करून दाखवा,' असे त्या अधिकाऱ्याने सुचवले. कंपनी आजही ही कहाणी अशीच सांगते.

द त्रे परत गेला तो झाक-दाविद लकूल्त्र या घड्याळकर्त्याकडे. स्वित्झर्लंडच्या जू खोऱ्यात या लकूल्त्र घराण्याचा कारखाना १८३३ पासून चालत आलेला. पॅरिसच्या जेजे कंपनीमार्फत रने-आल्फ्रेद शोव्हो या कारागिराने तोड काढली आणि ४ मार्च १९३१ रोजी पेटंटचा अर्ज केला. तोड साधी होती. घड्याळाची पेटी चौकटीत बसवायची. बोटाने सरकवली की ती बाजूला येते, गर्रकन उलटी फिरते आणि पुन्हा चौकटीत बसते. काच आत, धातूची पाठ बाहेर. फटका बसलाच तर पाठीवर बसेल. रिव्हर्सो म्हणजे लॅटिनमध्ये 'मी उलटतो'.

पुढे पोलो मागे पडला, पण ती कोरी पाठ लोकांना आवडली. कुणी तिच्यावर नावाची अक्षरे कोरून घेतली, कुणी रेजिमेंटचे चिन्ह. काहींनी मीनाकारी करवून घेतली. खेळाच्या मैदानासाठी केलेले घड्याळ असे मेजवानीच्या टेबलावर जाऊन बसले.

आता दुसरे घड्याळ. त्याच्या नावातच किल्ला आहे.

पाटेक फिलिप हे घराणे जिनिव्हाचे. पोलंडमधला उठाव फसल्यावर परागंदा झालेल्या आंत्वान पाटेकने १८३९ साली तिथे घड्याळांचा धंदा सुरू केला. पुढे त्याला आद्रियाँ फिलिप हा फ्रेंच कारागीर मिळाला. तोवर घड्याळाला वेगळी किल्ली लावून पीळ द्यावा लागे. ती हरवली की घड्याळ बंद. फिलिपने बाजूच्या डोक्यानेच पीळ देण्याची युक्ती काढली आणि १८४४ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात पदक मिळवले. त्यानंतर घड्याळाची किल्ली गेली. पण आपल्या भाषेने ती सोडली नाही. आपण आजही घड्याळाला 'चावी'च देतो.

१८८७ साली या घराण्याने एक खूण नोंदवली, कॅलाट्राव्हाचा क्रॉस. हा क्रॉस स्पेनमधल्या एका लढाऊ ख्रिस्ती पंथाचा. तो पंथ ११५८ साली मुसलमानांकडून घेतलेल्या एका किल्ल्याच्या रक्षणासाठी उभा राहिला. किल्ल्याचे नाव कॅलाट्राव्हा. मी हे वाचले आणि थांबलो. हे नाव स्पॅनिश नव्हेच! मूळ अरबी नाव 'कलअत रबाह', म्हणजे रबाहचा किल्ला. जो 'कलआ' फारसीतून आपल्याकडे येऊन 'किल्ला' झाला, तोच पश्चिमेला जाऊन 'कॅला' झाला. धारूरचा किल्ला आणि जिनिव्हाचे घड्याळ यांच्या नावांत एकच शब्द आहे. धारूरचा तो किल्ला आदिलशाही सरदार किश्वरखानाने १५६७ साली बांधला आणि थोड्याच वर्षांत तो निजामशाहीकडे गेला. ज्यांच्याकडून किल्ला घ्यायचा, त्यांनीच दिलेले नाव पुढे घेणाऱ्याने कपाळावर मिरवायचे, हे इतिहासात नेहमीचेच. शब्दांना धर्म नसतो, पाय असतात. ते चालत राहतात.

१९३२ साल हे या घराण्याच्या कसोटीचे. अमेरिकेतल्या मंदीची झळ स्वित्झर्लंडला लागली होती. महाग घड्याळे घेणारे हात आखडले आणि कंपनी विकायची वेळ आली. ती घेतली शार्ल आणि झाँ स्टर्न या भावांनी. हे कोण? तर पाटेकला तबकड्या पुरवणारे कारखानदार. आजही कंपनी त्याच घराण्याकडे आहे. त्याच वर्षी त्यांनी ९६ क्रमांकाचे घड्याळ बाजारात आणले. जेमतेम ३१ मिलिमीटरचे, गोल, साधे. पट्टा धरणारे कानही पेटीतूनच उगवल्यासारखे. ना नक्षी, ना भपका. लोकांकडे पैसा नव्हता तेव्हा त्यांनी खूप किमतीचे, पण डोळ्यांत न भरणारे घड्याळ केले आणि तेच टिकले. या घराण्याच्या अशा साध्या गोल घड्याळांना पुढे कॅलाट्राव्हा हे नाव पडले.

म्हणजे एक घोडा, एक किल्ला. एक १९३१ चा, एक १९३२ चा. एक चौकोनी, एक गोल. एक खेळाच्या धसमुसळ्यातून आलेला, दुसरा मंदीच्या चिंतेतून. निवड सोपी वाटते ना? मलाही वाटली. पण झाकण उघडून आतले मशीन पाहू लागलो, तर घोटाळा झाला.

जू खोऱ्यातले लकूल्त्र घराणे कित्येक वर्षे पाटेकला मशीनचे कच्चे सांगाडे पुरवत होते. सुरुवातीच्या ९६ क्रमांकाच्या घड्याळांत लकूल्त्रच्याच सांगाड्यावर सजवलेले मशीन होते. पाटेकने स्वतःचे बसवले ते १९३४ च्या सुमारास. आणि खुद्द रिव्हर्सो? लकूल्त्रकडे त्या चौकोनी पेटीत बसेल असे मशीन तेव्हा तयार नव्हते. म्हणून पहिल्या रिव्हर्सोंमध्ये ताव्हान या दुसऱ्याच कंपनीचे मशीन घातले गेले. लकूल्त्रचे स्वतःचे आले ते १९३३ मध्ये. म्हणजे लकूल्त्रचे मशीन किल्ल्यात आणि घोड्याच्या पोटात परक्याचे! शुद्ध घराण्याचा अभिमान सांगणाऱ्यांनी, मग ते घड्याळांचे असोत की माणसांचे, एकदा झाकण उघडून पाहावे.

मित्राला मी हे फोनवर सांगितले, तेव्हा तो खूप हसला. मग म्हणाला, "ते ठीक आहे, पण माझा निकाल लाव." मी त्याला संग्राहकाचे चार नियम ऐकवले. तबकडी मूळची आहे की रंगवून घेतलेली, ते भिंगातून पाहा. जुन्या घड्याळाचा जीव तबकडीत असतो, आणि किंचित पिवळी पडलेली खरी तबकडी चकचकीत नव्या रंगापेक्षा केव्हाही मोलाची. पेटीच्या कडा अजून धारदार आहेत का, ते पाहा. घासून घासून गोलसर झालेली पेटी म्हणजे झिजलेले नाणे. पेटी, मशीन आणि तबकडी एकाच काळाची आहेत याची खात्री कर. आणि रिव्हर्सो असेल तर ते दहा वेळा उलटून पाहा. चौकटीत खुळखुळत असेल तर सोड. हे सगळे त्याला माहीत होते. माझ्या तोंडून त्याला दुसरेच काही ऐकायचे होते.

ते सांगायला मला वेळ लागला. कारण दोन घड्याळांतून एक निवडण्याची वेळ माझ्यावरही एकदा आली होती आणि मी चुकलो होतो.

२५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत सेकोने क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ विकायला काढले. बॅटरीवर चालणारे, चावी नको, वेळ चुकत नाही. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत स्वित्झर्लंडमधले कितीतरी कारखाने बंद पडले. रिव्हर्सो तर आधीच विस्मरणात गेले होते. १९७२ साली जॉर्जो कोर्व्हो नावाच्या इटालियन व्यापाऱ्याला कारखान्यात सुमारे २०० रिकाम्या पेट्या पडलेल्या दिसल्या. त्याने त्या सगळ्या घेतल्या, मशीन बसवून विकल्या आणि त्या हातोहात खपल्या. तिथून रिव्हर्सोचा पुनर्जन्म झाला.

आमच्या एच.एम.टी.ला असा कोर्व्हो भेटला नाही. बंगलोरला १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने सुरू झालेला तो घड्याळांचा कारखाना. त्याने या देशाच्या कारकुनांना, मास्तरांना, कंडक्टरांना पहिल्यांदा परवडणारे घड्याळ दिले. १९८७ मध्ये टायटनची देखणी क्वार्ट्झ घड्याळे आली आणि चावीच्या घड्याळाला कुणी विचारीना. २०१६ साली केंद्र सरकारने एच.एम.टी. वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला.

मी १९९१ साली बी.ए. झालो, तेव्हा अब्बांनी त्यांचे 'जनता' माझ्या मनगटावर बांधले. ते निवृत्त झाले होते. पण सवय कुठे जाते? रेडिओवर पिप् पिप् सुरू झाले, की ते मला हाक मारत, माझे मनगट आपल्या हातात धरत, काटे जुळवत आणि चावी देऊन मनगट सोडत. तरण्या पोराचे मनगट बापाने असे रोज धरावे, याची मला तेव्हा लाज वाटे. १९९४ साली माझे लग्न ठरले. एका दुकानावर पाटी होती: जुने घड्याळ द्या, नवे क्वार्ट्झ घ्या. मी गेलो. 'जनता'चे पंचाहत्तर रुपये वळते झाले आणि सोनेरी पट्ट्याचे नवे घड्याळ घेऊन आलो. अब्बांनी ते उलटसुलट करून पाहिले. एवढेच म्हणाले, "टैम बराबर बताती ना? फिर ठीक है."

टैम ते अगदी बराबर सांगायचे. लावावे लागत नसे, चावी लागत नसे. म्हणून त्या दिवसानंतर अब्बांनी माझे मनगट कधी धरले नाही. १९९९ साली ते गेले.

बिस्किटाच्या डब्यातला माझा संग्रह हा असा आहे. बाजारात कुठे जुने 'जनता' दिसले, की मी ते घेतो आणि झाकण उघडून पाहतो. दुरुस्ती करणारे कारागीर झाकणाच्या आत टोकदार सुईने आपली खूण आणि तारीख कोरतात. अब्बांच्या घड्याळातली खूण मला पाठ आहे. आजवर चाळीसेक झाकणे उघडली. ती खूण अजून भेटलेली नाही.

मित्राला मी हे सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग मी म्हणालो, "आता तुझं ऐक. तुझे वडील ऊस तोडायला जायचे. दसऱ्यानंतर बैलगाडी जुंपून कारखान्यावर जायचे ते उन्हाळ्यात परत यायचे. त्यांच्या मनगटावर घड्याळ नव्हतं. शुक्राची चांदणी आणि कारखान्याचा भोंगा, यांवर त्यांचा दिवस. उचलीच्या हिशेबावरून मुकादमाशी वाद झाला, की ते एकच वाक्य म्हणायचे. आठवतं?"

तो म्हणाला, "पाठीवर मार, पण पोटावर मारू नको."

"मग घोडा घे," मी म्हणालो. "किल्ला थोर आहे, त्यात शंका नाही. बाजारात त्याला भावही जास्त येईल. पण हे घड्याळ आपल्या मैदानावर फटका खाऊन जन्मलेलं आहे आणि मार पाठीवर घेऊन तोंड वाचवायला शिकलेलं आहे. तुझ्या घराला ते शोभेल. आणि एक अट आहे. ते लॉकरमध्ये ठेवायचं नाही."

त्याने रिव्हर्सो घेतले. पाठीवर काय कोरायचे, ते त्याने अजून ठरवलेले नाही. कोरीच ठेवली आहे. दिवाळीत तो बीडला आला, तेव्हा मी ते पहिल्यांदा हातात घेतले. नव्वद वर्षांचे घड्याळ, पण उलटताना असा मऊ 'टक्' आवाज करते, की पुन्हा पुन्हा उलटावेसे वाटते. ते दिवसातून दोन-चार सेकंद मागे पडते आणि रोज चावी मागते. महागड्या घड्याळाची ही खोड म्हणायची की गुण, हे ज्याचे त्याने ठरवावे.

चावी मात्र तो स्वतः देत नाही. रात्री बातम्यांच्या वेळी त्याचा मुलगा येतो, बापाचा हात हातात घेतो आणि घड्याळ लावून देतो.